नदीपलीकडची पोथी

आमच्या पेडणे महालात बोलायची भाषा एक आणि पोथीची भाषा दुसरी, असे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. माणूस मेरेवर, बाजारात, फेरीच्या धक्क्यावर कोकणी बोलतो. संध्याकाळी देवळात भजनाला बसला की मराठी गातो. मधे कुठे उंबरा ओलांडल्यासारखे त्याला वाटत नाही. बेळगाव-कोल्हापूरकडचे स्नेही कधी मोरजीला येतात आणि समुद्र पाहून झाला की हमखास विचारतात, ‘मास्तर, तुमची मातृभाषा नेमकी कोणती?’ मी सांगतो, आई रागवायची ती कोकणीत आणि देवापुढे हात जोडायची ते मराठीत. त्यांचे समाधान होत नाही. होऊ नये. हा प्रश्न आमच्यासाठी कधी प्रश्नच नव्हता. तो बाहेरून आला, आणि आला तेव्हा पुष्कळ नासधूस करून गेला. त्याविषयी पुढे लिहीनच.

हीच व्यवस्था एका ख्रिस्ती ग्रंथातही आहे, आणि तीही चारशे वर्षांपूर्वीची, हे मला चोविसाव्या वर्षी कळले. ते कसे कळले आणि त्यातून आमच्या दोन घरांत काय घडले, एवढेच सांगायचे आहे.

आमच्या घरी श्रावणात पोथी लागायची. एका वर्षी ‘हरिविजय’, दुसऱ्या वर्षी ‘पांडवप्रताप’, असे श्रीधरस्वामींचे ग्रंथ आळीपाळीने. बाबा वाचायचे आणि शेजारचे एक वृद्ध गृहस्थ अर्थ सांगायचे. बाबा एक ओवी संथ चालीवर म्हणत, थांबत. मग ते गृहस्थ तीच ओवी कोकणीत उलगडून सांगत. त्यात त्यांच्या पदरचे बरेच असे. कंसाचा दरबार पेडण्याच्या देशप्रभूंच्या वाड्यासारखा दिसे आणि यशोदेची गाय वयवटून आमच्याच मिरच्यांत शिरे. मी लहान होतो, मला वाटायचे की पोथीला दोन माणसे लागतातच. एकट्याने वाचायचे ते पुस्तक. दोघांनी वाचायची ती पोथी.

शाळा अशी मला उशिराच मिळाली. पोर्तुगीज अमलात आम्ही मुले देवळाच्या मंडपात एका पंतोजींकडे बाराखडी शिकलो. १९६१ नंतर, विशेषतः बांदोडकरांच्या कारकिर्दीत, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि त्यांतल्याच एका शाळेवर मी १९६८ साली मास्तर म्हणून लागलो. एक बाक, एक फळा आणि पावसाळ्यात तीन ठिकाणी गळणारे कौलारू छप्पर. त्या शाळांची आज कोणी टिंगल केली तर मला राग येतो. आमच्या गावची अर्धी माणसे त्या छपराखाली माणसांत आली.

आमच्या कुंपणापलीकडे एक किरिस्तांव घर होते. पेडण्यात ही घरे तशी मोजकीच. याला इतिहास आहे. बार्देश, तिसवाडी आणि साष्टी हे पोर्तुगिजांचे जुने प्रांत. तिथे सोळाव्या शतकातच देवळे मोडली, धर्मांतरे झाली. पेडणे मात्र सावंतवाडीकरांकडून त्यांच्याकडे कायमचे गेले ते १७८८ साली. तोपर्यंत तो जोर ओसरला होता आणि इथल्या लोकांना त्यांचा धर्म पाळू देण्याचे मान्य झाले होते. म्हणून मोरजाईचे देऊळ जागच्या जागी राहिले. मधे शापोरा नदी. आमच्या घरात सांगत, की आपले मूळ पुरुष बार्देशातून, डोक्यावर पोथ्यांचे गाठोडे घेऊन, रात्री ही नदी ओलांडून आले. याला कागदोपत्री पुरावा काही नाही. पण ज्या घरात ही गोष्ट सांगतात त्या घरातल्या मुलाला शिवोलीची इगर्ज पाण्यापलीकडे दिसली की कसे वाटते, ते त्यालाच ठाऊक.

शेजारची माय त्याच नदीवरून, शिवोलीकडून चोपड्याच्या धक्क्यावर, नवरी होऊन आली होती. आम्ही सगळे तिला ‘माय’च म्हणत असू. नवरा तारवटी, बोटीवर जायचा तो वर्षा-दोन वर्षांनी यायचा, आणि एकदा गेला तो आलाच नाही. माय शाळेत कधी गेली नव्हती. पण दोतोर्न, म्हणजे ख्रिस्ती धर्माचे प्रश्नोत्तर, तिला आईने मुखोद्गत करून दिले होते, आणि रोमी लिपीतले कोकणी प्रार्थनेचे पुस्तक ती बोट फिरवीत वाचायची. तिन्हीसांजेला आमच्याकडे शुभंकरोती आणि पाढे चालत, तेव्हा कुंपणापलीकडून तेर्साचा सूर येई. ती म्हणे अर्धे, आणि लेकरे म्हणत उरलेले अर्धे. शिक्षणशास्त्राची पुस्तके मी पुढे परीक्षेसाठी वाचली. त्यांत घरातल्या या संध्याकाळच्या शाळेविषयी फारसे काही नव्हते.

१९७२ च्या मे महिन्यात एका प्रशिक्षणासाठी मी पुण्यास गेलो होतो. अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक जाडजूड ग्रंथ हाताला लागला: ‘ख्रिस्तपुराण’. शांताराम बंडेलू यांनी संपादून १९५६ साली देवनागरीत छापलेला. किंमत परवडणारी नव्हती. परतीच्या प्रवासात जेवणावर काट मारून ती भरून काढली.

ग्रंथकर्ता थॉमस स्टीफन्स. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला हा जेझुइट पाद्री १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला आणि १६१९ साली मरेपर्यंत, चाळीस वर्षे, इथेच, बहुतेक काळ साष्टीत राहिला. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज तो हाच, असे म्हणतात. त्याने इथली भाषा नुसती शिकली नाही, तर भावाला १५८३ साली लिहिलेल्या पत्रात इकडच्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, असेही नोंदवून ठेवले. भाषाशास्त्रज्ञांना हे सुचायला पुढे दोनशे वर्षे लागली. त्याने कोकणीचे व्याकरण लिहिले, ते त्याच्या मागे १६४० साली रायतूरला छापले गेले. दोतोर्नही कोकणीत लिहिले, ते १६२२ साली निघाले. आणि पुराण मात्र मराठीत, ओवीत. १६१६ साली रायतूरला पहिली आवृत्ती निघाली. दोन भाग: पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताची वाट पाहण्यापर्यंतची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. अध्यायांना त्याने ‘अवस्वरु’ म्हटले. पहिल्या भागात छत्तीस, दुसऱ्यात एकोणसाठ. सगळ्या मिळून ओव्या जवळजवळ अकरा हजार.

आता गंमत पाहा. मुलांना प्रश्नोत्तरे शिकवायची ती कोकणीत आणि सणावारी बसून ऐकायची कथा मराठीत. म्हणजे बोलायची भाषा एक आणि पोथीची दुसरी. आमच्या पेडण्यातलीच व्यवस्था त्या विलायती माणसाने साष्टीत पाहिली होती आणि मुकाट्याने उचलली होती. पैठणला नाथमहाराज १५९९ पर्यंत होते. एकाच काळात गोदेच्या काठी एकनाथ आणि जुवारीच्या काठी हा पाद्री, दोघेही ओवीत लिहीत होते, हे मनात आले की मला अजून काही क्षण पुढे वाचवत नाही.

घरी येऊन ग्रंथ उघडला आणि अडलो. मराठी जुनी, पण ‘हरिविजया’वर वाढलेल्या कानाला अगदीच परकी नव्हती. अडलो ते एका शब्दावर: ‘अंकुवारी’. ख्रिस्ताच्या आईला वारंवार हे विशेषण लावलेले. मोल्सवर्थचा कोश जवळ नव्हता. संध्याकाळी कुंपणाशी उभा राहून मायला विचारले. ती हसायलाच लागली.

“आंकवार रे पुता! आंकवार म्हळ्यार आमची सायबीण. सदां सांजवेळार आमी तें नांव घेतांव. खंय मेळ्ळें तुका हें उतर?”

पुस्तक दाखवले. देवनागरी तिला येत नव्हती. पाने उलटी-सुलटी करून तिने ते मला परत दिले आणि म्हणाली, “वाच पळोवया.” मी मेरीला देवदूताचा निरोप येतो तो प्रसंग काढून वाचला. ती पाटावर बसून ऐकत होती. मधेच हात वर करून थांबवले. मी ‘वैकुंठ’ म्हणालो होतो.

“वैकुंठ? तें तर तुमचें! आमी सर्ग म्हणटांव.”

“पुस्तकात वैकुंठच आहे, माय.”

“पाद्रीन बरयलां?”

“पाद्रीनं.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “फाल्यां परत यो.”

अशी ही पोथी लागली. वाचणारा मी, अर्थ सांगणारी ती. इगर्जीतले, प्रार्थनेतले, सणाचे शब्द ती सोडवायची. पुराणांतून आलेले संस्कृत शब्द, जुन्या मराठीची रूपे मी सोडवायचो. पोथी माझ्या डोळ्यांना वाचता येई आणि तिच्या कानांना कळे. कोणा एकट्याला ती पुरी लागली नसती. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, आणि करेज्मात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांत, दर शुक्रवारी. तेव्हा ख्रिस्ताच्या यातनांचे अवस्वरु. एका शुक्रवारी क्रुसाखाली उभ्या असलेल्या आईचा विलाप आला आणि मायने हळूच चाल धरली. मी वाचतो आणि ती मागून त्या शब्दांना सूर लावते. चाल होती लग्नातल्या व्होव्यांची. नवऱ्या मुलीला रोस लावताना, नारळाचा रस अंगाला माखताना, किरिस्तांव बायका ज्या व्होव्यो म्हणतात, ती.

व्होवी म्हणजे ओवीच. हे लिहायला सोपे आहे. पण १७३६ साली इन्क्विझिशनने जो मोठा हुकूम काढला, त्यात हिंदू रीतींबरोबर लग्नातल्या या व्होव्यांवरही बंदी होती. त्याआधी १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मावले होते, की देशी लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. ज्या राज्यात एका पाद्र्याने ओवीत पुराण लिहून ते वरिष्ठांच्या परवानगीने छापले, त्याच राज्यात साठ-सत्तर वर्षांनी ती भाषा नको झाली. ख्रिस्तपुराणाची तिसरी आवृत्ती १६५४ ची. त्यानंतर अडीचशे वर्षे ते छापलेच गेले नाही. १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापले. जुन्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे सापडत नाही. मधल्या काळात ते जगले ते नकलून घेणाऱ्यांच्या हाती आणि ऐकणाऱ्यांच्या कानी. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेले होते. टिपूच्या कैदेत श्रीरंगपट्टणला त्यांच्यातल्या लोकांना याच ओव्यांचा आधार होता, असे तिकडे सांगतात.

इथवर सारे गोड वाटेल. बाबांना ते गोड वाटले नाही. एका रात्री जेवताना त्यांनी ताटावरून मान वर न करता विचारले, “जांणी आमच्यो पोथ्यो जाळ्ळ्यो, तांचीच पोथी तूं वाचतलो?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. बाबा ऐकीव सांगत नव्हते. साष्टीतली देवळे १५६७ च्या सुमारास मोडली गेली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, त्या मागचे कारण गोव्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच पाद्र्यांना मारले आणि पुढे कुंकळ्ळीकरांवर जे गुदरले ते सर्वश्रुत आहे. त्या पाद्र्यांची प्रेते ताब्यात घ्यायला गेला होता हाच स्टीफन्स. तो या सगळ्याच्या बाहेर नव्हता; आतला होता. त्याच्या मराठीच्या प्रेमात पडून काही मंडळी हे विसरतात, आणि काही मंडळी हे लक्षात ठेवून ग्रंथ उघडतच नाहीत. मला दोन्ही जमत नाही.

ग्रंथातच मात्र एक जागा आहे, ती मी बाबांना वाचून दाखवली. आरंभीच कवी सांगतो, की साष्टीत रविवारी मुलांना दोतोर्न शिकवणे चालले असताना नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण आला आणि त्याने पाद्रीगुरूला विचारले: तुम्ही आमची पूर्वीची पुराणे वाचायला मनाई केली, मग त्यांच्या जागी तसे दुसरे काही का करून देत नाही? आता, हा ब्राह्मण खरोखर आला की कवीने आणला, ते देव जाणे. पण प्रश्न खोटा नाही. देव बदलला, नाव बदलले, पेहराव बदलला, तरी संध्याकाळी चार माणसांनी बसून ओवी ऐकण्याची भूक त्या माणसाची गेली नव्हती. पाद्र्याने तिला ओळखले आणि प्रवचन न देता पुराण लिहायला घेतले. मन आणि आत्मा यांचे पोषण वगैरे शब्द आपण शिक्षणावरच्या भाषणांत वापरतो. ती भूक म्हणजे तेच असावे.

बाबांनी ऐकून घेतले. म्हणाले, “आनी ताच्यो जुन्यो पोथ्यो?”

जुन्या पोथ्यांचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी वाचनात मिळाले, तेव्हा बाबा नव्हते. पोर्तुगालमध्ये ब्रागा या गावच्या ग्रंथालयात काही बाडे आहेत. रामायण-महाभारताच्या कथा कोकणी गद्यात, आणि मराठी ओव्याही. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली रचायला घेतलेले कृष्णचरित्रही त्यांत. सारे रोमी लिपीत. साष्टीतल्या लोकांची भाषा आणि श्रद्धा समजून घेण्यासाठी पाद्र्यांनीच ते सोळाव्या शतकात उतरवून घेतले होते. गोव्यात जे राहिले नाही ते हिरावणाऱ्यांच्या दप्तरात राहिले. बाबांना हे सांगता आले असते तर ते हसले असते की आणखी चिडले असते, मी सांगू शकत नाही.

लिपीचाही एक सल आहे. स्टीफन्सला हा ग्रंथ देशी अक्षरांत छापायचा होता. १६०८ साली त्याने रोमला आपल्या संघाच्या मुख्याधिकाऱ्याला पत्र लिहून तसे खिळे पाडायची परवानगी मागितली होती. अक्षरांची संख्या फार होती, ती कमी करता येईल, असेही सुचवले होते. ते घडले नाही. पुराण रोमीत छापले गेले. ते घडते, तर मायला कदाचित माझी गरज लागली नसती. आणि तसे पाहिले तर मला तिची.

मायची एक नात होती, माझ्याच शाळेत. १९७८ साली चौथीत. अक्षर मोत्यासारखे आणि आवाज खणखणीत. त्या वर्षी ती पहिल्या कुमंगावाची, म्हणजे पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी करीत होती. दोतोर्नातले प्रश्न ती आजीबरोबर घोकायची आणि माझ्याकडे भागाकार शिकायची. एकदा पाटावर आमच्या मधे येऊन बसली आणि म्हणाली, “मास्तर, हांव वाचूं?” पहिल्या दोन ओव्यांत अडखळली. तिसऱ्या ओवीपासून माझे काम संपले. लिपी शाळेची, शब्द घरचे. तिला दोन्ही बाजू येत होत्या. त्या दिवसापासून ती वाचायची आणि आम्ही दोघे म्हातारा-म्हातारीसारखे अर्थावर वाद घालायचो. मी तेव्हा तिशीत होतो.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शस्त्रक्रियेला त्यांचा ठाम नकार. १९८१ च्या श्रावणात पोथी लागली तेव्हा मी शाळेच्या कामासाठी पणजीला होतो, दोन दिवस अडकलो. परत आलो तो ओसरीवर कंदील, आणि कंदिलाशी मायची नात. ‘हरिविजया’तला कृष्णजन्माचा अध्याय वाचत होती. बाबा खांबाला टेकून, डोळे मिटून. चूक झाली की बोट उचलायचे, ती पुन्हा म्हणायची. त्यांनी तिला बोलावले होते की ती आपण होऊन आली होती, हे दोघांनीही मला सांगितले नाही. आई एवढेच म्हणाली, की मुलीने आधी पाय धुतले आणि विचारले, “आजो, खंयच्यान वाचूं?” बाबा १९८३ साली गेले. तोवरचे दोन श्रावण तिनेच वाचले.

मग १९८६ आले. कोकणी की मराठी हा वाद गोव्यात जुनाच. पण त्या वर्षी तो रस्त्यावर आला, डिसेंबरात माणसे मेली, पूल आणि रस्ते अडवले गेले. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला: देवनागरी कोकणी राजभाषा, मराठीला सरकारी कामात वापराची मुभा, आणि रोमी लिपीचे नाव नाही. पेडणे मराठीच्या बाजूचे. सभा झाल्या, मोर्चे निघाले. मी मराठीचा मास्तर. मी कुठे उभा होतो हे उघड होते. मराठीला या भूमीत परकी म्हणणे तेव्हाही मला अन्याय वाटे, आजही वाटतो. पण त्या महिन्यांत मायच्या पाटावर बसून पुराण वाचणे दोघांनाही अवघड झाले. कोणी काही बोलले नाही. येणारे-जाणारे कुंपणातून पाहायचे, एवढेच. तिच्या नातलगांनी तिला काही विचारले असावे, माझ्या मंडळींनी मला विचारलेच. पोथी कापडात गेली.

जूनमध्ये, घटकराज्य होऊन चार दिवस झाले असतील, पाऊस लागला होता, माय इरले पांघरून आमच्या दारात आली. म्हणाली, “मास्तर, सरकाराक आमची भास मेळ्ळी, तुमची मेळ्ळी. हे पोथयेची खंयची?” आणि आत येऊन बसली. मी कापड सोडले. तिच्या रोमी पुस्तकालाही त्या कायद्यात जागा नव्हती, हे तिला कोणीतरी सांगितले असणार. तिने ते कधी काढले नाही.

१९९१ साली माय गेली. दुसऱ्या भागातले काही अवस्वरु आमचे राहून गेले होते. पहिल्या भागातल्या राजांच्या वंशावळी तिने मुद्दाम गाळायला लावल्या होत्या. “हे कोण कोणाचो पूत, तें देवाक खबर आसा,” असे म्हणून.

बेळगावच्या वाचकांना हे सारे अगदी नवे वाटू नये. बाबा पदमनजी १८३१ साली तिथेच जन्मले, तिथल्या मिशन शाळेत शिकले, आणि १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून त्यांनी मराठीला विधवांच्या दुःखाची कादंबरी दिली. नगरला ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघू लागला. रेव्हरंड टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभले, ते अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केले. म्हणजे तिथेही एका पोथीला दोघे लागले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले, ते २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. मात्र या सर्वांचा विचार करताना आपण ‘ख्रिस्ती साहित्य’ असे वेगळे कपाट करतो आणि त्याला कुलूप लावतो. तो प्रकार मला पसंत नाही. ‘स्मृतिचित्रे’ ज्याने कपाटात ठेवले त्याने स्वतःचेच नुकसान केले.

आमची शाळा आता पटाअभावी कशीबशी तग धरून आहे. आजूबाजूच्या कित्येक बंद पडल्या. मुले इंग्रजीकडे गेली, हिंदूंचीही, किरिस्तांवांचीही. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही, मोरजीच्या किनाऱ्यावर तरी आज कोकणी-मराठी दोन्हीवर पोट भरणे कठीण आहे. पण या मुलांना तेर्स अर्धा येतो आणि शुभंकरोतीही अर्धीच येते, आणि दुसऱ्याच्या अर्ध्या भागाशी तर गाठच पडत नाही. आमच्यात भांडण होते तेव्हा निदान एकमेकांचे शब्द कळत होते.

मायची नात परिचारिका झाली. पोर्तुगीज पासपोर्टवर विलायतेला गेली आणि पुष्कळ गोवेकरांप्रमाणे स्विंडनला स्थायिक झाली. स्विंडन विल्टशर परगण्यात आहे. स्टीफन्स जन्मला ते बुश्टन हे खेडे तिथून काही मैलांवर. हे मी तिला फोनवर सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. पुढच्या सुट्टीत ती गाडी घेऊन जाऊन आली. शेते आणि मेंढ्या, बाकी काही नाही, म्हणाली.

२००९ साली फादर नेल्सन फाल्काव यांनी काढलेली आवृत्ती तिने मागवून घेतली आहे. शेजारी आजच्या मराठीत अर्थही दिलेला आहे. माझ्याजवळ बंडेलूंची प्रत, शिवण उसवलेली. रविवारी तिकडे दुपार आणि इकडे तिन्हीसांज असते तेव्हा फोन लागतो. ती वाचते, मी ऐकतो; डोळे माझेही आता बाबांच्या वाटेवर आहेत. तिची धाकटी मुलगी बाजूला असते. मराठी तिला येत नाही, कोकणी मोडकी येते. या खेपेला आम्ही पहिल्यापासून आरंभ केला आहे, वंशावळींसकट. गेल्या रविवारी नोहाच्या प्रलयापर्यंत आलो. आईने तिला कोकणीत सांगितले, की नोएने मोठे तारू बांधले आणि सगळी जनावरे आत घेतली. पोर क्षणभर गप्प. मग फोनमध्ये तोंड घालून मला विचारते, “मास्तर, म्हजो पणजो तारवटी आशिल्लो मूं? तो ह्याच तारवार आशिल्लो?”